डोंगराची खबर ओढ्याला

पाथर्डी तालुक्यातल्या डोंगररांगेचं नाव गर्भगिरी. वृद्धेश्वर, मढी, मोहटादेवी ही सगळी ठाणी या रांगेच्या अंगाखांद्यावर वसलेली. या डोंगरांच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. वर काय चाललंय हे जाणून घ्यायला दर वेळी डोंगर चढावा लागत नाही. ओढ्याला गढूळ पाणी आलं की वर पाऊस पडून गेला. पाण्याबरोबर कुठला पाला, कुठलं बी वाहत आलं हे पाहिलं की वर काय उगवलंय तेही समजतं.

बाईच्या शरीरातही अशीच एक गोष्ट घडते. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसतीच बसून राहिले होते.

गर्भाशयाचं मुख, म्हणजे गावाकडच्या भाषेत पिशवीचं तोंड, हे योनीमार्गाच्या वरच्या टोकाला असतं. तिथल्या पेशी सतत झडत असतात, जशी अंगाची कातडी रोज झडते. झडलेल्या पेशी आणि ओलावा खाली झिरपत येतो. मुखाशी एखाद्या विषाणूनं ठाण मांडलं असेल, तर त्याच्या खुणाही त्याच वाटेनं खाली उतरतात. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी बोटभर आत घालून हलकेच फिरवली, तर ती खबर ब्रशला लागते. हे काम बाई स्वतःच्या हातानं करू शकते, घरच्या न्हाणीत, कडी लावून. टेबल लागत नाही, दिवा लागत नाही, शरीर उघडून पाहणारं परकं माणूस लागत नाही.

भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण असावेत आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं दगावल्या असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आणि हा असा कर्करोग आहे, जो होण्याआधी १५-२० वर्षं निरोप पाठवत राहतो. तो निरोप ऐकणारं कुणी नसतं, एवढंच.

बांधावरचं तण

हा आजार नेमका तिथेच का होतो? गर्भाशयमुखावर दोन जातींच्या पेशी एकमेकींना भेटतात. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थरावर थर असतात, आतल्या बाजूला उभ्या पेशींचा एकच नाजूक थर. दोन शेतांच्या मधला बांधच म्हणा ना. आणि हा बांध एका जागी थांबत नाही. वय, बाळंतपण, संप्रेरकं यांच्याबरोबर तो पुढे-मागे सरकतो. तिथल्या पेशी एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलत असतात. तण बांधावर आधी माजतं, तसा विषाणूलाही हा सांधा सोयीचा पडतो.

त्या विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. आकार सुमारे ५५ नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर असे हजाराहून जास्त विषाणू ओळीनं बसतील. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ८ हजार अक्षरांचा, वर्तमानपत्राच्या एका पानात सहज मावेल एवढा. माणसाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. एका पानाची ही चिठ्ठी एवढ्या मोठ्या ग्रंथाला वाट चुकवते, ती कशी?

आपल्या प्रत्येक पेशीत राखणदार प्रथिनं असतात. पेशीच्या मजकुरात बिघाड झाला की एक जण वाढ थांबवतो. बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसला तर तो पेशीला मरायला लावतो. दुसरा जण पेशीला वेळेआधी दुभंगू देत नाही. घातक एचपीव्हीची दोन प्रथिनं या दोघांनाच निकामी करतात. राखणदार गेले की पेशी वाटेल तशी दुभंगत राहते आणि चुकांवर चुका साठत जातात.

पण इथेच दिलासाही आहे. एचपीव्हीचे २००हून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले चौदाएक घातक मानले जातात. एकट्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे या कर्करोगाचे शंभरातले सत्तरेक रुग्ण होतात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतोच. तो नवऱ्याकडून येऊ शकतो, नवऱ्याला कळतही नाही, आणि किती वर्षांपूर्वी आला हेही सांगता येत नाही. म्हणून विषाणू सापडला यात बाईच्या वागण्याचा काही निवाडा नसतो. ही गोष्ट घराघरात मोठ्यानं सांगायला हवी. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत तो परतवूनही लावतं. ज्यांच्या अंगात तो मुरून बसतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो, आणि त्याला साधारण १५-२० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खचलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर हा काळ ५-१० वर्षांवर येतो. तेवढ्या काळात तण मुळासकट उपटता येतं.

झाड की बी

हे तण ओळखण्याची पहिली युक्ती सापडली न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरला. त्यांची पत्नी मेरी वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशींचे नमुने त्यांना देत राहिली. निरोगी पेशी रोज कशी दिसते हे त्यांना त्या नमुन्यांनी शिकवलं. १९२८ साली त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की कर्करोगाच्या पेशी काचपट्टीवर ओळखू येतात. १९४१मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबरचा त्यांचा लेख आला आणि मग जग ऐकू लागलं. आज आपण जिला पॅप तपासणी म्हणतो ती हीच. तिनं श्रीमंत देशांत असंख्य बायकांचे प्राण वाचवले.

पण पॅप तपासणीला अख्खं झाड हाती यावं लागतं. पेशी धडधाकट हवी, नेमक्या त्या बांधावरचीच हवी. म्हणून टेबल हवं, योनीमार्ग उघडणारं उपकरण हवं, उजेड हवा, ती नजर असलेली डॉक्टर किंवा नर्स हवी. नंतर रंग देणारा, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहणारा तज्ज्ञ हवा. एवढं सगळं तालुक्याच्या गावात जमवणं अवघड, वाडी-वस्तीवर तर अशक्यच.

मग जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेला संशय खरा ठरला. १९८३मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ सापडला आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. कारण कळलं तशी प्रश्नाची मांडणीच बदलली. आता झाड कसं दिसतं हे पाहायची गरज उरली नाही. त्याचं बी ओढ्यात आलंय का, एवढंच पाहायचं. बी ओळखायला ते अख्खं असावं लागत नाही, तुकडाही चालतो.

तो तुकडा वाढवून दाखवणारी पद्धत म्हणजे पीसीआर. कोविडच्या साथीत हे नाव घराघरात पोचलं. डीएनएचा तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांनंतर १,०२४. वीस फेऱ्यांनंतर दहा लाखांच्या वर. तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटी. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तीच गोष्ट नखाएवढ्या नळीत, तास-दोन तासांत घडते. विषाणू असेल तर त्याचा डोंगर उभा राहतो, नसेल तर काहीच वाढत नाही.

यावर कुणाही बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो, माझ्या हातून चुकलं तर? याचीही सोय करून ठेवलेली आहे. चांगल्या तपासणीत विषाणूबरोबर माणसाच्या पेशीतला एक साधा तुकडाही शोधतात. तो सापडला की ब्रशला पेशी लागल्या, नमुना पक्का. तो नसेल तर अहवाल ‘पुन्हा घ्या’ असा येतो, उगाच ‘सगळं ठीक’ असा येत नाही. बेल्जियमच्या मार्क आर्बिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली दाखवलं की पीसीआरनं तपासलं, तर बाईनं स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड उतरतो.

बार्शीनं जगाला काय सांगितलं

ही सगळी कथा परदेशातली वाटेल. पण तिचं एक मोठं पान आपल्या मराठवाड्याच्या मातीत लिहिलेलं आहे.

बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा आणि भूम या भागांतल्या कर्करोगाची नोंदवही १९८७ साली इथे सुरू झाली. ग्रामीण भारतातली ती पहिली. बारा वर्षांनी, १९९९मध्ये, याच रुग्णालयानं मुंबईचं टाटा स्मारक आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीनं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड काम हाती घेतलं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं वाट पाहणं.

निकाल २००९च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ बायका या कर्करोगानं गेल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्याला पोचलेले कर्करोग तिकडे ८२, इकडे ३९. एकाच तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूत एवढी ठळक घट दिसली नाही. आणि ज्यांच्यात विषाणू सापडला नव्हता, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कर्करोगानं गेली नाही. त्याच अंकातल्या संपादकीयाचं शीर्षक ‘भारताकडून जगाकडे’ अशा अर्थाचं होतं. बार्शीजवळच्या कोरडवाहू गावांतल्या बायकांनी साऱ्या जगाला वाट दाखवली होती.

यात एक बोच आहे आणि ती झाकू नये. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी करायची नाही, हे अभ्यासाच्या रचनेतच होतं, आणि त्यावर पुढे जाणत्यांनी कठोर प्रश्न विचारले. ते ६४ मृत्यू तक्त्यातला आकडा होऊन राहिले. त्यांचं ऋण फेडायचं तर त्यांच्यामुळे जे कळलं ते प्रत्येक गावापर्यंत न्यायला हवं.

आपण किती नेलं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झाली का? हो म्हणणाऱ्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोघीही नाहीत. धाराशिवच्या गावांत मात्र बोलावलेल्या दहातल्या आठ जणी आल्या होत्या, कारण माणसं घरोघर गेली होती. लाज, अंतर, बुडणारी मजुरी, ‘मला काय झालंय?’ हा सवाल, या सगळ्या भिंती ओलांडून शिबिरापर्यंत बाईला आणणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. ब्रश बाईच्या घरी गेला की यातल्या बहुतेक भिंती उरतच नाहीत.

लपवलेल्या कपड्यात

याच्याही पुढचा एक विचार महाराष्ट्रातल्याच संशोधकांना सुचला. तो ऐकून मला हात जोडावेसे वाटले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था यांतल्या मंडळींनी ग्रामीण बायकांकडे मासिक पाळीचं वापरलेलं पॅड मागितलं. वाळलेल्या रक्तातून त्यांनी डीएनए वेगळा काढला आणि त्यात एचपीव्ही शोधला. तो सापडला.

पिढ्यान् पिढ्या जो कपडा बायका वळचणीला, दुसऱ्या कपड्याखाली, कुणाची नजर पडणार नाही असा वाळत घालत आल्या, त्याच कपड्यात शरीराचा निरोप लिहिलेला होता. ज्याला विटाळ म्हणून दूर ठेवलं, तो ओढा डोंगराची खबर घेऊन येत होता. या पद्धतीला मर्यादा आहे, पाळी थांबलेल्या बाईला तिचा उपयोग नाही. पण नमुना मिळवायला शरीराशी झटापट करावी लागत नाही, शरीर तो आपणहून देतं, हे त्यातून लख्ख दिसलं.

उसाचा मुलूख, इकडचा आणि तिकडचा

अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला हुहुई नावाचा प्रांत आहे. तोही उसाचा मुलूख, मोठमोठ्या साखर कारखान्यांचा. तिथे सिल्विना आरोसी यांच्या चमूनं आरोग्यसेविकांना घरोघर ब्रश घेऊन पाठवलं. ज्या वस्त्यांत ‘दवाखान्यात या’ असं सांगितलं, तिथे शंभरातल्या २० जणींची तपासणी झाली. जिथे ब्रश हातात दिला, तिथे ८६ जणींची. २०१५ साली हा निकाल आला. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही डीएनए तपासणी सर्वांत आधी पसंत करावी असं सांगितलं आणि बाईनं स्वतः घेतलेला नमुना त्यात मान्य केला. तिशीपासून सुरुवात, दर ५ ते १० वर्षांनी एकदा. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२२पासून तिथल्या प्रत्येक पात्र बाईला हा पर्याय खुला केला. अमेरिकेनं दवाखान्यात बसून स्वतः नमुना घ्यायला मान्यता दिली ती २०२४च्या मे महिन्यात.

आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमाची भिस्त २०१६पासून व्हिनेगरच्या पाहणीवर आहे, ३० ते ६५ वयासाठी, पाच वर्षांतून एकदा. पण वारं बदलतंय. एप्रिल २०२५मध्ये दोन देशी एचपीव्ही तपासण्या कसोटीला उतरल्याचं जाहीर झालं. एक गोव्याच्या मोलबायोची, तिचं छोटं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या तपासणीमुळे तालुक्याच्या दवाखान्यांना आधीच ओळखीचं. दुसरी पुण्याजवळच्या मायलॅबची. कसोटीच्या कामात मुंबईची तीच प्रजनन आरोग्य संस्था होती. म्हणजे ब्रशवरचा निरोप वाचणारं यंत्र आता मराठी मुलखाच्या अंगणात तयार होतंय.

आता पाथर्डीकडे परत येऊ. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारचा बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग सहा महिने फडात, कोपीत, पहाटेपासून मोळ्या वाहत. न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, खाडा केला तर दंड. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. अशा बाईला कुणी सांगितलं की ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका’, तर ती काढते. या प्रश्नावर नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या काळात, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक.

या आकड्यामागे पुष्कळ कारणं आहेत, पण एक कारण शुद्ध भीतीचं आहे. कर्करोगाच्या भीतीला उत्तर देणारी तपासणी तिच्यापर्यंत पोचली नव्हती, शस्त्रक्रिया तेवढी पोचली. माझ्या मते त्या साध्या ब्रशची खरी किंमत इथे आहे. ‘तुझ्यात तो विषाणू नाही’ हा अहवाल हाती असलेल्या बाईला कर्करोगाचं भय घालून पिशवी काढायला लावणं सोपं राहणार नाही. ज्ञान डॉक्टरच्या टेबलावरून तिच्या मुठीत येतं.

बायकांच्या मुठीवर विश्वास टाकायची परंपराही पाथर्डीच्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७०पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं गावोगावच्या साध्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांनी बाळंतपणं सुखरूप केली, कुपोषण हटवलं. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या मातीत हे घडलं, तिथल्या बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येणार नाही असं कोण म्हणेल?

खबर आली, पुढे?

अहवालात विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. तो पुढे पाहायचा इशारा असतो. अशा बाईला मात्र एकदा टेबलावर जावं लागतं. मुखाची नीट पाहणी होते, बिघडलेला भाग दिसला तर उष्णतेनं जाळून टाकतात. त्यासाठीचं यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, आणि एका जागी लावायला मिनिटही लागत नाही. बहुतेकींना भूलही लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. पिशवी जागच्या जागी राहते. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल, दुर्गंधीचं पाणी जात असेल, तर मात्र ब्रशची वाट पाहू नये, थेट डॉक्टरकडे जावं. ही तपासणी तक्रार नसलेल्या बाईसाठी आहे.

पाथर्डीचं स्वतःचं पंचांग पाहिलं तर वेळही ठरवता येते. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर बायकांची रीघ लागते, आणि त्यानंतर काही दिवसांतच टोळ्या बाहेर पडतात. आशाताईनं त्याच्या महिनाभर आधी घरोघर ब्रश दिला, तर निघायच्या आत अहवाल येईल आणि लागलाच तर उपचारही उरकेल. उशीर झाला तर अहवाल पाथर्डीच्या दवाखान्यात पडून राहील आणि बाई दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या फडात असेल. म्हणून ब्रशबरोबर दोन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात. तिचा फोन नंबर, आणि ती कुठल्या कारखान्याला जाणार ते.

ओढा खबर आणील, ते त्याचं काम तो कधीपासून करतोच आहे. ती ऐकल्यावर डोंगराकडे जायची वाट मात्र आपणच बांधून ठेवायला हवी.